प्लॅटिनमवरचं मीठ

श्यामकांत पराडकर प्रयोगशाळेत शिरला तेव्हा ती त्याच्या कॅनमधलं पाणी चोरत होती.

जुलै महिना होता, साल सत्त्याऐंशी. पार्ल्याच्या त्या कॉलेजात इतक्या सकाळी लवूमामा शिपायाशिवाय कुणी येत नसे. श्यामकांत यायचा, कारण चारकोपच्या खोलीत पहाटेचं पाणी भरून झालं की त्याला करण्यासारखं काही उरत नसे. छत्री दाराशी उभी करून तो वळला, तर ही पाठमोरी बाई. पदर खोचलेला, केसांतून पाणी गळतंय, आणि डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनची तोटी सोडून आपली बाटली भरतेय.

"ते पाणी सेकंड इयरच्या बॅचचं आहे," तो म्हणाला.

ती दचकली नाही. तोटीही बंद केली नाही. "काय करतात सेकंड इयरची मुलं या पाण्याने?"

"टायट्रेशन."

"मग त्यांना नळाचं द्या. त्यांची उत्तरं चुकायची तेवढीच चुकतील."

श्यामकांतला हसू आलं. आलं आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"उत्तरा घाडी," बाटलीचं बूच लावत ती म्हणाली. "वरच्या मजल्यावर, वैद्यसरांकडे. पीएच.डी. सकाळी घाटकोपरला ज्युनियर कॉलेजात शिकवते. आज तिथे वर्गात पाणी शिरलंय, म्हणून लवकर आले. पाणी शुद्ध करायचा आमचा काचेचा स्टिल फुटलाय. सरांना सांगितलं तर म्हणाले, मागणी टाका. मागणी टाकली की दिवाळीनंतर येतं, तेही दुसऱ्याच मापाचं."

"रोज किती लागतं?"

"का? पोलिसात देताय?"

"नाही... वर आणून ठेवीन."

तिने पहिल्यांदा नीट त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे दमलेले होते. सकाळीच असे डोळे असलेलं माणूस रात्री किती दमत असेल, असं त्याच्या मनात आलं. आणि मग, खूप दिवसांनी आपण दुसऱ्या कुणाच्या दमण्याचा विचार करतोय, हेही आलं.

"दोन बाटल्या," ती म्हणाली. "आणि त्यात बोट घालू नका. बोटाला मीठ असतं."

श्यामकांत छत्तीसचा होता. बी.एस्सी.च्या मुलांची प्रॅक्टिकल्स घ्यायचा, डेमॉन्स्ट्रेटर म्हणून. त्याची बायको मालन दोन वर्षांपूर्वी मूत्रपिंडाच्या आजाराने गेली होती. त्याआधीची तीन वर्षं त्याने तिचं सगळं केलं. औषधं, डायलिसिसच्या खेपा, वेणी, स्वयंपाक. ती गेल्यावर त्याने अंधेरीची भाड्याची जागा सोडली आणि चारकोपला सेक्टरमधली एक खोली घेतली. तिथे कुणी त्याला ओळखत नव्हतं. तेच बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवसापासून तो पाणी वर नेऊ लागला.

वरची खोली लहान होती. एका टेबलावर काचेचा सेल, म्हणजे पाच तोंडांचं एक गोल भांडं. शेजारी विजेचा दाब कमीजास्त करणारं यंत्र, आणि कागदावर आपोआप आलेख काढणारा रेकॉर्डर. कपाटात कुलपात प्लॅटिनमचा पत्रा. केवढा? करंगळीच्या नखाएवढा. उत्तरा तो बर्नरच्या ज्योतीत धरायची, लालभडक करायची, मग सेलमध्ये सोडायची. त्या वेळी ती बोलत नसे. श्यामकांत दाराशी बाटल्या घेऊन उभा राहायचा आणि तोही बोलत नसे.

"एवढ्याशा पत्र्यावर करता काय?" एकदा त्याने विचारलं.

"मेथॅनॉल जाळते. ज्योतीशिवाय. पत्र्यावर अल्कोहोल येतं, मोडतं, आणि मोडताना वीज देतं. उद्या यावर गाड्या चालतील म्हणतात. आमच्याकडे सध्या पेन चालतं." तिने रेकॉर्डरकडे बोट केलं. पेन हळूहळू चढत होतं, एक डोंगर काढत होतं. "हा डोंगर जेवढा उंच, तेवढं अल्कोहोल जळालं."

"आणि मीठ?"

"मीठ शत्रू. पाण्यात काय काय विरघळलंय यावर सगळं आहे. पत्र्यावर जागा थोडी. तुमच्याकडे चारकोपला सार्वजनिक नळ आहे ना?"

"आहे की."

"तिथे बायका रिकाम्या बादल्या लावून जागा धरतात ना? पाणी भरत नाहीत, पण दुसऱ्यालाही भरू देत नाहीत. तसं क्लोराइड. पत्र्यावर चिकटून बसतं. अल्कोहोल बिचारं येतं आणि उभं राहतं."

"सगळेच क्षार असे?"

"नाही हो. परक्लोरेट सज्जन. दारातनंच नमस्कार करतो. सल्फेट बसतो, पण ऊठ म्हटलं की उठतो. क्लोराइड मात्र..."

"घरजावय," कोपऱ्यात फडकं मारणारा लवूमामा म्हणाला. "बसलो तो बसलोच."

उत्तरा खळखळून हसली. "आणि हे पराडकर कोणते, मामा?"

लवूमामाने श्यामकांतला वरून खालपर्यंत पाहिलं. "हे? हे दारातले. भायरच उभे."

श्यामकांतचे कान गरम झाले. बाटल्या टेबलावर ठेवून तो खाली आला, आणि जिन्यात त्याच्या लक्षात आलं, की रिकाम्या बाटल्या वरच विसरल्या. परत गेला. तिने त्या दाराशीच काढून ठेवल्या होत्या. ती नुसती ओठ दाबून आलेखाकडे बघत राहिली.

हळूहळू पाण्याबरोबर इतर कामंही त्याच्याकडे आली. आली म्हणजे, त्यानेच घेतली. ती घाटकोपरहून एक वाजता धापा टाकत पोचायची. मग सेल धुणं, आम्ल भरणं, नायट्रोजन सोडणं, यातच तिचा तास-सव्वा तास जायचा. संध्याकाळी घाटकोपरला परत जाऊन घरच्यांचा स्वयंपाक. वडील काशीराम गिरणीच्या संपानंतर घरीच बसून होते. एके दिवशी श्यामकांत म्हणाला, "मी लावून ठेवत जाऊ का सगळं? तुम्ही आलात की नुसतं चालू करायचं."

"जमेल?"

"काच धुण्यात माझा जन्म गेलाय."

तिने खोलीची दुसरी किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "पराडकर, तुम्ही भला माणूस आहात," ती म्हणाली. "मला भल्या माणसांची भीतीच वाटते. पण आता मी फार दमलेय, म्हणून घेतेय."

किल्ली गरम होती. बराच वेळ तिच्या मुठीत असावी.

रोजचं ठरून गेलं. ती आली की आधी दोघं जेवायची, त्याच टेबलाच्या कडेला, यंत्रापासून लांब. दुपारी बिस्किटांच्या कारखान्याकडून भाजल्याचा गोड वास यायचा आणि उत्तरा म्हणायची, "गोड झालं, आता जेवू." एकदा तिने न विचारता त्याच्या डब्यातली दुधीची भाजी उचलली.

"मीठ विसरलात."

"नाही."

तिने पुन्हा एक घास घेतला. हा घास परीक्षा घेतल्यासारखा. "अजिबात नाही यात."

"मालनला बंद होतं. तीन वर्षं दोघांचं एकच शिजवायचो. तिच्यासमोर खारट कसं खायचं?" तो डब्याचं झाकण पुसत राहिला. "मग... तसंच चालू राहिलं."

कुणीही दुसरं असतं तर हळहळलं असतं. उत्तराने विचारलं, "चव लागते?"

"माहीत नाही. खातो."

तिने आपल्या डब्यातली बोंबलाची चटणी उचलून त्याच्या झाकणात घातली. "ही आमच्या आईची. खा किंवा नका खाऊ. पण टाकलीत तर आई तुम्हाला बघून घेईल."

त्याने खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं. ते तिखटाने आलं असं दोघंही धरून चालली.

आणि त्याच सुमाराला तिचे आलेख बिघडायला लागले.

आधी थोडेसे. डोंगर जरा बसका आला. मग आणखी बसका. कधी आदल्या दिवशीच्या निम्मा, कधी त्याहून जरा वर. दोन दिवस सारखे येईनात. उत्तराने आम्ल बदललं, मेथॅनॉलची नवी बाटली फोडली, प्लॅटिनम तीन-तीनदा जाळलं. काही उपयोग झाला नाही. गणपती गेले, दिवाळी गेली. ती डबा अर्धा ठेवू लागली.

श्यामकांतला तिचं ते बघवेना. त्याने त्याला येत होतं तेच केलं. आणखी लवकर येऊ लागला. सेल आणखी घासू लागला. तिच्यासाठी आणखी काय करता येईल ते शोधू लागला.

जानेवारीत डॉक्टर नंदकिशोर वैद्यांनी तिला बोलावलं. वैद्यसर तिचे मार्गदर्शक. वाईट माणूस नव्हे, पण आकड्यांवर विश्वास, माणसांवर कमी. श्यामकांत तेव्हा शेजारच्या खोलीत ब्यूरेट मोजत होता. मधली भिंत प्लायवूडची होती.

"गेल्या वर्षी तुमचे आलेख पुस्तकातल्यासारखे येत होते," वैद्यसर म्हणाले. "या वर्षी एकही त्यांच्या जवळ जात नाही. मी काय समजू?"

"मी शोधतेय, सर."

"मी विचारतोय ते वेगळं आहे. गेल्या वर्षीचे खरे होते कशावरून?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"सर, ते मी काढलेत," उत्तरा म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता.

"पेनसुद्धा हाताने ओढता येतं, मिस घाडी. मी तसं म्हणत नाही. पण मार्चमध्ये विद्यापीठाचे तज्ज्ञ येतील, ते म्हणतील. तोवर जुना आलेख पुन्हा काढून दाखवा. नाहीतर रजिस्ट्रेशन पुढे चालू ठेवा असं मी लिहू शकणार नाही."

ती खोलीत आली तेव्हा श्यामकांतने चहा आणून ठेवला होता. तिने तो घेतला नाही.

"बाबांच्या ओळखीने कोकणात लोट्याला नोकरी आहे," खिडकीबाहेर बघत ती म्हणाली. "एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्यात केमिस्ट. राहायला जागा देतात. बाबा कधीपासून मागे लागलेत. गाव जवळ, म्हणतात... मी जाईन. जायला काही नाही. पण खोटारडी म्हणून नाही जायचं मला."

नका जाऊ, हे शब्द श्यामकांतच्या तोंडात तयार होते. तो म्हणाला, "चहा गार होतोय."

फेब्रुवारीत मालनचं श्राद्ध होतं. तिच्या भावाकडे, रत्नागिरीला. श्यामकांत चार दिवस गेला. जाताना किल्ली लवूमामाकडे देऊन गेला. भाताच्या पिंडांपुढे बसून त्याने मालनला मनात सांगितलं, तिथे एक बाई आहे, आणि मी तिच्यासाठी काच धुतो. मालन असती तर हसली असती. कावळा लगेच शिवला. भटजी म्हणाले, समाधानी आहेत.

तो परतला त्या दुपारी उत्तरा दारातच भेटली. तिने त्याला दंडाला धरून आत ओढलं. याआधी तिने कधी त्याला हात लावला नव्हता.

"बघ... बघा." टेबलावर चार कागद पसरले होते. चारही कागदांवर उंच, गुळगुळीत डोंगर, एकावर एक ठेवले तर एकच दिसेल असे. "गेल्या वर्षीचा हा. आणि हे चार. पराडकर, एक केसाचा फरक नाही."

"काय बदललंत?"

"काहीच नाही. तेच तर कळत नाही. पण आलं. आता हेच सरांपुढे नेते. उद्याचा एक काढते, म्हणजे पाच होतील."

त्या रात्री श्यामकांतला गाढ झोप लागली. पहाटे उठला, पाणी भरलं, आणि नेहमीपेक्षाही लवकर कॉलेजात पोचला. लवूमामाकडून किल्ली परत घेतली. आज चुकून चालणार नव्हतं. सेल घासला. आम्ल भरलं. एकेक इलेक्ट्रोड नीट पुसून जागच्या जागी बसवला.

दुपारी पेन चढायला लागलं, आणि मध्येच दमल्यासारखं आडवं झालं. डोंगर कसला, टेकाड.

उत्तराने रेकॉर्डर बंद केला. तिने कागदाकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या त्या चार कागदांकडे, मग श्यामकांतकडे. ती कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली. एरवी त्याला ते आवडलं असतं.

"तुम्ही सकाळी नक्की काय काय करता?"

"सेल धुतो. आम्ल भरतो. तुमचे इलेक्ट्रोड लावतो. साडेबाराला नायट्रोजन सोडतो."

"इलेक्ट्रोड कधी लावता?"

"आल्या आल्या. आठ वाजता."

"कॅलोमेलसुद्धा?"

कॅलोमेल म्हणजे मापासाठी वापरायचा काचेचा इलेक्ट्रोड. त्याच्या पोटात मिठाचं दाट पाणी असतं, पोटॅशियम क्लोराइडचं. बुडाशी एक बारीकसं छिद्र असतं आणि त्यातून ते पाणी थेंबाथेंबाने पाझरत राहतं. त्याची घडणच तशी. म्हणून तो वाचन घेण्यापुरताच सेलमध्ये बुडवायचा असतो.

"तोसुद्धा," श्यामकांत म्हणाला. "इलेक्ट्रोड कोरडा पडू द्यायचा नाही ना. पीएचच्या प्रॅक्टिकलला मुलांना तेच तर..." आणि तो थांबला. त्याला कळलं. पाझरतो हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पंधरा वर्षं तो मुलांना ते सांगत आला होता. पण ते आणि हे त्याच्या डोक्यात कधी एकत्रच आलं नव्हतं.

"मला वाटायचं, मी यायच्या वेळेला लावता. रोज पाच तास," उत्तरा म्हणाली. "ऑगस्टपासून रोज पाच तास तू माझ्या सेलमध्ये मीठ घालतोयस."

"मला वाटलं, तुमचा वेळ..."

"मला विचारायचं. एका शब्दाने विचारायचं, घाडी, हा आता लावू का? मी सांगितलं असतं, नको. संपलं असतं." ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर सोपं गेलं असतं. "मी मेथॅनॉलवर संशय घेतला, पाण्यावर घेतला, स्वतःच्या हातावर घेतला. रात्री घरी हात घासत बसायचे मी. आणि सर म्हणतात मी खोटारडी. किल्ली द्या ती."

त्याने किल्ली दिली. यावेळी ती त्याच्या मुठीत गरम झालेली होती.

त्या संध्याकाळी तो पार्ल्याहून थेट चारकोपला गेला नाही. कांदिवलीला उतरून उगीच चालत राहिला. मला विचारायचं. हे वाक्य त्याने आधी ऐकलं होतं. मालन शेवटच्या महिन्यात एकदा म्हणाली होती, "अहो, मला विचारा तरी." तो तिची उशी बदलत होता. नवी उशी आणली होती, मऊ. तिला जुनीच हवी होती. तो म्हणाला, "तू बोलू नको, दमशील." आणि बदलली. त्यानंतर तिने काही मागितलंच नाही. त्याला वाटलं होतं, तिला काही कमी पडत नाही म्हणून.

तो खाडीच्या बाजूच्या कठड्यावर बसला. कितीतरी वेळ बसला. एवढं सगळं केलं आपण, एवढं सगळं, आणि एकदाही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो वैद्यसरांच्या खोलीत गेला. उत्तराला आधी सांगावं की नाही, यावर तो जिन्यात थांबला. मग वर जाऊन तिच्या दारात उभा राहिला. दार ओलांडलं नाही.

"मी सरांना सांगू का? माझ्यामुळे झालं ते?"

ती प्लॅटिनम पुसत होती. तिने मान वर केली नाही. "सांगा," ती म्हणाली. आणि मग, तो वळल्यावर, "थांबा. मी पण येते."

वैद्यसरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे सहा-सात महिने तुम्ही माझ्या विद्यार्थिनीच्या सेलमध्ये क्लोराइड सोडत होतात."

"होय, सर."

"पंधरा वर्षं डेमॉन्स्ट्रेटर आहात तुम्ही."

"होय, सर."

"आणि हे का करत होतात? तुमचं काम नव्हतं ते."

श्यामकांतने खाली पाहिलं. काय सांगणार? की मला घरी करण्यासारखं काही नव्हतं? की ती हसते तेव्हा...

"त्यांना माझी दगदग बघवत नव्हती, सर," उत्तरा म्हणाली. "असं मला वाटतं. त्यांनी मला सांगितलेलं नाही. ते काहीच सांगत नाहीत."

वैद्यसरांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि चष्मा परत घातला. "हे माझ्या विषयाबाहेरचं आहे. तज्ज्ञ येतील त्यांना तुमची कहाणी चालणार नाही. त्यांच्यासमोर स्वच्छ सेलमध्ये आलेख काढा. मग मोजून क्लोराइड टाका आणि पाडून दाखवा. पडला पाहिजे, आणि जसा पडत होता तसाच पडला पाहिजे. तरच मी मानीन."

मार्चमध्ये तज्ज्ञ आले. श्यामकांतला आत थांबायचं नव्हतं, आणि थांब असं कुणी म्हणालंही नाही. तो जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला. अशाच एका पायरीवर, अशाच एका दाराबाहेर, तो पूर्वी खूप बसला होता. तिथल्या दारातून नर्स यायची आणि काही न बोलता जायची. इथे लवूमामा होता. तो पाण्याचे ग्लास आत नेई आणि बाहेर येऊन खबर देई.

"बसलेत सगळे. ती बाय पत्रो जाळता हा."

"हात थरथरतोय का तिचा?"

"तिचो नाय. तुमचो थरथरता." लवूमामा आत गेला. खूप वेळाने आला. "चढता हा."

"किती?"

"माका काय कळता? चढता हा म्हंजे चढता हा. मोठो डोंगर इलो. ते पाव्हणे खुर्चीतसून उठले बघूक."

श्यामकांतने डोळे मिटले. पुढच्या वेळी लवूमामा ग्लास न घेताच बाहेर आला. "आता मीठ घातल्यान. एकच थेंब."

"मग?"

"बसलो. तुमच्यासारखो." तो स्वतःच हसला, आणि मग श्यामकांतच्या खांद्यावर हात ठेवून जरा वेळ तसाच उभा राहिला.

बैठक संपली तेव्हा उन्हं कलली होती. पाहुणे वैद्यसरांच्या खोलीत चहाला गेले. उत्तरा दारात आली. तिचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता.

"रजिस्ट्रेशन राहिलं," ती म्हणाली. "गेल्या वर्षीचे आलेख खरे धरलेत. सर म्हणाले, आता क्लोराइडचा विषय सोडू नका, तोच धरा. क्लोराइड, ब्रोमाइड, सल्फेट, कोण किती जागा अडवतो ते सगळं मोजा. दोन वर्षांचं काम आहे."

"म्हणजे... लोटे?"

"बाबांना सांगेन मी. चिडतील. चिडू देत." ती क्षणभर थांबली. "मी थांबतेय ते प्लॅटिनमसाठी. गैरसमज नको."

"नाही."

"या आत. सेल धुवायचाय. एकटीने होणार नाही आज, पाय मोडलेत माझे."

तो आत आला. टेबलापाशी गेला आणि हात पुढे करून थांबला. "उचलू?"

"उचला."

"आधी साधं पाणी घेऊ?"

"घ्या."

एकेक विचारत त्याने सेल धुतला. तिला हसू येत होतं, पण ती प्रत्येक वेळी नीट उत्तर देत होती. बाहेर मुलं मैदानात क्रिकेट खेळत होती आणि बाद कोण यावरून भांडत होती. सेल धुऊन झाला. त्याने तो फडक्यावर उपडा ठेवला. आता काही करण्यासारखं उरलं नव्हतं. हात रिकामे झाले की त्याला नेहमी भीती वाटायची. आताही वाटली.

"उत्तरा," तो म्हणाला. तिचं नाव त्याने पहिल्यांदा घेतलं. "एक विचारायचं होतं."

"विचारा."

तो फडक्याचा कोपरा सरळ करत राहिला. तिने मदत केली नाही. टेबलाला टेकून ती उभी राहिली, आणि वाट बघत राहिली.

"मी दमलेला माणूस आहे," तो म्हणाला. "माझ्या घरात एक खोली आहे, आणि त्यात अजून मालनचं बरंच आहे. ते काढता येईलच असं नाही. मी तुमच्या कामाचं वाटोळं केलं. तरी... मला तुम्ही हव्या आहात. तुम्हाला मी चालेन का?"

 साडीच्या पदराने तिने हात पुसले, बोटं एकेक करून.

"मालनताईंचं काढायला कोण सांगतंय," ती हळू म्हणाली. "पण मला विचार करायला वेळ लागेल."

"किती?"

तिने सेलकडे पाहिलं. "ही काच वाळेपर्यंत."

मार्चची दमट हवा. पार्ल्यात काच लवकर वाळत नाही. दोघंही त्या उपड्या भांड्याकडे बघत उभी राहिली. काचेवरून एक थेंब घरंगळला, दुसऱ्या थेंबाला मिळाला, दोघं मिळून फडक्यात उतरले. श्यामकांत बघत होता. त्याला घाई नव्हती. कितीतरी वर्षांत तो असा, काहीही न करता, कुणाच्या शेजारी उभा राहिला नव्हता.

"हो," ती म्हणाली.

त्याने काचेकडे पाहिलं. "अजून ओली आहे."

"असू दे," ती म्हणाली.